दावं सोडणारी मुलगी

पूर ओसरल्यावर शाळा पुन्हा भरायला लागली, पण ती शाळा वाटत नव्हती. वर्गाच्या भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची तपकिरी रेघ उमटली होती. बाक धुऊन उन्हात टाकले होते, तरी त्यांचा कुबट वास जात नव्हता. मुलं सतरंजीवर बसायची ती एक गुडघा उभा ठेवून, म्हणजे हाक आली की उठून पळता यावं. चपला दारात काढायला कुणी तयार नव्हतं. मीही कुणाला काढायला सांगितल्या नाहीत, कारण माझी गत काही वेगळी नव्हती. फळ्यावर चार ओळी लिहिल्या की मी खिडकीशी जायची. तिथून नदी दिसत नाही, मधे ऊस आहे, हे मला ठाऊक होतं. तरी जायची.

मी मूळची विट्याकडची. आमच्या घरी मेंढरं होती. आभाळात एखादा काळा ढग आला, तर माणसं हातातलं काम टाकून अंगणात येऊन वर बघत उभी राहायची. पाण्याला भ्यायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. नोकरी लागली ती कृष्णाकाठच्या या गावात. लग्नानंतर बिऱ्हाड सांगलीत, नवरा फौजेत, त्यामुळे वर्षातले बरेच महिने मी एकटीच. रोज स्कूटीवरून जायचं, यायचं. त्या पावसाळ्यात आमच्या घराच्या जिन्यावर पाणी एकेक पायरी चढत आलं आणि वरून तिसऱ्या पायरीवर थांबलं. घरात आलं नाही. लोक म्हणायचे, नशीब तुमचं. खरंच होतं ते. पण ती पायरी ओलांडताना अजूनही माझा पाय आपोआप उंच पडतो.

शाळा सुरू झाल्यावर पहिली तक्रार घेऊन आले ते शाळेजवळच्या गल्लीतले एक आबा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, हातात तुटका दोर.

“बाई, तुमच्या शाळंतली एक पोरगी हाय. आमची म्हस सोडली तिनं. सकाळधरनं हुडकतोय मी. शेवटी सापडली ती पार स्मशानाच्या पल्याड.”

“कोणती मुलगी, आबा?”

त्यांनी दारातूनच बोट केलं. तिसरीतली. किडकिडीत, दोन वेण्या, मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली. पुराआधी ही मुलगी वर्गातली सगळ्यात बडबडी होती. गावातल्या कुणाचीही नक्कल करायची. सरपंच बोलताना कसे नाक ओढतात, मी रागावले की पदर कसा खोचते, सगळं. आता ती आबांकडे बघत होती, पण भ्यालेली दिसत नव्हती. एखाद्याची वाट बघताना माणूस दुसऱ्याकडे जसा बघतो, तशी.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, “सोडलीस का गं म्हैस?”

“व्हय.”

“का?”

ती सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

मग रोजच सुरू झालं. कुणाची गाय, कुणाची कालवड, कुणाची शेळी. शाळा सुटली की ती घरी जायचीच नाही. कुठल्याही गोठ्यात शिरायची, खुंट्याशी उकिडवी बसायची, दाव्याची गाठ सोडायची आणि उठून चालू लागायची. जनावर बाहेर हाकलायची नाही, ते गेलं की राहिलं हे मागं वळून बघायची नाही. सोडलं की झालं. पुरानंतर गावात मुळात जनावरंच थोडी उरली होती. जी उरली होती त्यांना लोक जिवापाड जपत होते. त्यात ही असं करत होती. बायका तिला बघितलं की गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहायला लागल्या. एकीनं तिला मारलंही. तिची आई मान खाली घालून सगळ्यांची माफी मागत फिरायची.

पुरानंतर आम्हा शिक्षकांना सांगलीत एक प्रशिक्षण दिलं होतं. मुलांना बोलतं करा, चित्रं काढू द्या, खेळू द्या, असं सांगून चार्टपेपर आणि खडूचे डबे हातात दिले होते. मी सगळं केलं. मुलांनी घरं काढली, पाणी काढलं, लष्कराच्या बोटी काढल्या, बोटीत हिरव्या कपड्यातले जवान काढले. काहींनी पाण्यात पोहणारे साप काढले, कारण ते त्यांनी खरंच बघितले होते. हिनं कागदाच्या मधोमध एक जाड उभी रेघ काढली आणि तिच्या बुडाशी वळवळती आडवी रेघ. मला वाटलं हाही सापच.

“साप आहे का गं?” मी विचारलं.

तिनं कागद उलटा करून ठेवला. तो खुंटा होता आणि त्याच्या पायाशी दावं पडलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यातच एक दिवस तिनं सोडलेली कालवड डांबरी रस्त्यावर गेली आणि मोटारसायकलवरून येणारा गावातला एक तरणा माणूस तिला धडकून पडला. हात मोडला. कालवड वाचली, माणूसही वाचला, पण गावाचा संयम संपला. माणसं तिच्या घरासमोर जमली. मी तिथं पोचले तेव्हा तिचे वडील दारात उभे होते. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, ऊसशेतीचा. सगळं ऐकून घेत होते.

आबाच शेवटी म्हणाले, “गड्या, पोरीचं डोकं फिरलंय असं आमी म्हणत न्हाई. पर तिला काय दिस दुसरीकडं ठेव. नदी दिसली न्हाई तर बरी हुईल.”

“कोरेगावला मावशी हाय तिची,” वडील म्हणाले. “तिकडं धाडतो. मावशीला सवड झाली की येऊन न्हील.”

मुलगी उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होती. तिला धाडून चालणार नाही असं मला आतून वाटत होतं, पण का, ते सांगता येत नव्हतं. घरी आले, जेवण गेलं नाही. खिडकी लावली, उघडली, पुन्हा लावली.

त्या आठवड्यात साताऱ्याहून एक समुपदेशक ताई आमच्या भागातल्या शाळांतून फिरत होत्या. पाटणच्या डोंगरात दरड कोसळून गेलेल्या वाड्यांवर त्यांनी मुलांबरोबर काम केलेलं होतं. मी त्यांना गाठलंच. शाळेच्या पायरीवर बसवून एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाल्या, “ती सोडायला जाते तेव्हा तिच्याबरोबर कोण असतं?”

“कोण असणार? कुणीच नाही. सगळे अडवायला असतात.”

“मग तुम्ही जा.”

“कुठे?”

“तिच्याबरोबर. गोठ्यात. अडवू नका आणि का करतेस म्हणून विचारूही नका. नुसतं बरोबर जा.”

“आणि म्हैस पळाली तर?”

“तर धरा.” त्या हसल्या. मला त्या हसण्याचा रागच आला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “डोंगरातली ती मुलं रोज एकच खेळ खेळायची. बाहुली मातीत पुरायची आणि वर नाचायची. मोठी माणसं बघून हादरायची, मारायची. मारलं की मुलं लपून खेळायची. आम्ही त्यांच्यात बसायला लागलो. बरेच दिवस बसलो. मग एका मुलीनं स्वतःच बाहुली उकरून काढली. का, ते मलाही पुरतं सांगता येणार नाही. पण मुलाला काहीतरी पुरं करायचं असतं आणि ते त्याला एकट्याला झेपत नसतं.”

जाताना गाडीत बसता बसता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. “घरच्यांनी तिला काय सांगितलंय ते बघा. मुलांना आपण अर्धंच सांगतो. उरलेलं ती आपल्या मनानं भरून काढतात, आणि बहुतेक वेळा त्यात दोष स्वतःला देतात.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या मागोमाग निघाले. तिनं एकदा वळून बघितलं आणि पुढं चालू लागली. माझा पाय रस्त्यावर पटपट पडत होता आणि ती आपली सावकाश चाललेली. मी पुढे जायची, थांबायची, पुन्हा पुढे जायची. आबांच्याच गोठ्यात ती शिरली. आबा खाटेवरून उठले. मी हातानंच त्यांना थांबा म्हटलं. ती खुंट्याशी बसली. तिची बोटं गाठीवर पोचली तेव्हा मी म्हणाले, “सोड. पण सोडल्यावर दावं माझ्या हातात दे.”

ती थांबली. मग तिनं गाठ सोडली आणि दाव्याचं टोक माझ्याकडं केलं. मी धरलं. म्हैस रवंथ करत उभी राहिली. मुलगी पहिल्यांदाच तिथून निघून गेली नाही. मी, म्हैस आणि ती, तिघीही तशाच उभ्या राहिलो. आबा खाटेवर बसून आमच्याकडं बघत राहिले. माझ्या मनात शंभर गोष्टी धावत होत्या, आभाळ भरून आलंय, स्कूटीत पेट्रोल कमी आहे, ही आता काय करेल. तिनं काही केलं नाही. नुसती बघत राहिली.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, “बांधू का परत?”

“घट्ट नगं,” ती म्हणाली.

त्या महिन्यात तिच्या तोंडून मी ऐकलेलं ‘व्हय’नंतरचं हे पहिलंच वाक्य. आमच्या घरी मेंढरं, शेरडं बांधताना वडील एक वेगळी गाठ मारायचे. लांडगा आला तर अंधारात चाचपडत बसायला नको, एका हिसक्यात सुटली पाहिजे, म्हणून. जनावरानं कितीही ओढलं तरी ती सुटत नाही, पण मोकळं टोक माणसानं ओढलं की लगेच सुटते. माझ्या हातांना ती आठवत होती. मी ती मारली. तिनं पुढं होऊन टोक ओढलं. सुटली. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “परत.”

मग हाच आमचा रोजचा कार्यक्रम झाला. ती सोडायची, मी धरायची. मग मी बांधायची, ती ओढून बघायची. पुढं ती स्वतः बांधायला शिकली. मी घरोघर आधी जाऊन सांगून ठेवलं होतं की आम्ही येणार, जनावर जाणार नाही, माझा शब्द. बायका कुरकुरल्या, पण दारातून बाजूला झाल्या. एकीनं तर चहा ठेवला. मला वाटलं, जमलं. आता मावशीकडं पाठवायचं रद्द होईल. पण तिची आई एका दुपारी धुणं धुताना म्हणाली, “तुमच्यासंगं असती तवा बरी असती ओ. घरात न्हाई. झोपतच न्हाई. उठून बसती आन मला हालवती. ‘मम्मे, आईक की,’ म्हणती. काय ऐकू? काय सुदिक नसतं.”

“काय ऐकायला सांगते ती?”

तिनं पिळून ठेवलेलं लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं. पुन्हा पिळलं. मग सांगायला लागली, माझ्याकडं न बघता.

पाणी आलं ते भर सकाळी. आधी गल्लीत घोट्याएवढं, आणि चहा होईपर्यंत कमरेला. यांच्या घराला स्लॅब नाही, म्हणून सगळी शेजारच्या दुमजली घरावर चढली. त्यांची म्हैस गोठ्यातच राहिली. वडील परत निघाले होते, पण पाण्याला एवढी ओढ होती की लोकांनी त्यांना धरून ठेवलं. म्हैस ओरडत होती. गच्चीवरून गोठा दिसत नव्हता, पत्रा तेवढा दिसत होता. ही पोर कानावर हात ठेवून सारखं म्हणत होती, तिला बांधलीया, तिला बांधलीया.

“मग आमी म्हनलं, आगं म्हस पवती. म्हशीला पाणी लय आवडतं. ती मजेत हाय. असंच म्हनत ऱ्हायलो. मग आवाज बंद झाला. तवा हिचा बा म्हनला, बघ, गेली पवत. कुठंतरी कडंला लागली आसंल, कुनीतरी धरली आसंल.”

“आणि नंतर?”

“नंतर काय. पानी उतारल्यावर हिला तिच्या आज्जीकडं ठिवली आन जेसीबीनं खड्डा काडून म्हस पुरली. हिला अजून तेच ठाव हाय. कुनीतरी धरली म्हनून.”

मी उठून उभी राहिले. बसवेना. तिला फक्त तेवढंच ठाऊक होतं असं नाही. तिला दावं ठाऊक होतं. ते बांधलं होतं हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि सगळी मोठी माणसं तिला सांगत होती की बांधलेली म्हैस पोहत गेली. मग ती काय करणार? गावातल्या एकेका जनावराला सोडत हिंडत होती.

मी तशीच शेतात गेले. तिचे वडील कुजलेला ऊस तोडून बाजूला टाकत होते. पाण्याखाली राहिलेल्या उसाला आंबूस वास येतो, तो सगळ्या रानात भरलेला. मी म्हणाले, “दादा, तिला खरं सांगा. म्हैस मेली म्हणून सांगा.”

त्यांचा कोयता थांबला नाही. “ल्हान हाय. इसरंल.”

“विसरत नाहीये.”

“बाई, तुमी शिकवायचं काम करा.”

“तेच करतेय. तुम्ही नाही सांगितलं तर ती कोरेगावला जाऊनही दावीच सोडणार. तिथं तर तिला कुणी ओळखतही नाही.”

ते उसाच्या आत शिरले. पानांचा आवाज दूर जात राहिला. मी बांधावर उभी राहिले, मग परत आले. त्या दिवसानंतर ते मला रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूनं जायचे. मला माझाच राग यायचा. कुठल्या अधिकारानं मी दुसऱ्याच्या घरात हात घालत होते? मग त्यांचा राग यायचा. साताऱ्याच्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “थांबा थोडं. त्यांनाही वेळ लागेल.” थांबणं ही एकच गोष्ट मला जमत नव्हती. वर्गात मुलं पाढे म्हणायची आणि मी टेबलावर बोटं वाजवत असायची. मोबाइलवर सतत बघायची, कोयना धरणातून किती पाणी सोडलं, सांगलीत आयर्विन पुलापाशी पातळी किती. पाऊस केव्हाच उघडला होता, तरी.

मावशी आली. कोरेगावची, हसतमुख बाई. मुलीची पिशवी भरून दाराशी ठेवली गेली. मुलगी नेहमीसारखी शाळेत आली, मावशी दुपारच्या एसटीनं तिला घेऊन जाणार होती. मी तिला काय शिकवणार होते! मी वर्गाला गाणं म्हणायला सांगितलं आणि दारात येऊन उभी राहिले.

तेव्हा तिचे वडील येताना दिसले. शेतातूनच, हातापायाला चिखल तसाच. फाटकात थांबले, आत आले, पुन्हा थांबले. मग म्हणाले, “पोरीला जरा न्हेतो. आन बाई, तुमीबी चला. मला एकट्याला जमायचं न्हाई.”

आम्ही तिघं त्यांच्या गोठ्यात गेलो. रिकामा होता. गव्हाणीत चिखल वाळून तडकला होता. खुंटा जागच्या जागी होता. ते खुंट्याशी खाली बसले, तिच्या उंचीला यायला. तिच्याकडं न बघता खुंट्याकडं बघत बोलले.

“आपली म्हस हितं मेली. पवत गेली न्हाई. कुनी धरली न्हाई. हितंच मेली, बांधलेली.”

ती उभीच.

“मी बांधली हुती. मीच सोडाय पायजे हुती. निघताना सोडाय पायजे हुती, पर मला वाटलं, पानी एवढं येनार न्हाई. तुझ्या मम्मीचं न्हाई, तुझं तर न्हाईच न्हाई. माझं हाय ते.”

“ती वरडत हुती,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा, वर्गात उत्तर द्यावं तसा. “मला आईकू येत हुतं.”

“व्हय.”

“तुमी म्हनला पवतीया.”

“व्हय. खोटं बोललो.”

“का?”

त्यांनी तोंडावरून हात फिरवला, चिखल गालाला लागला. “मला ते आईकवत न्हवतं, म्हणून.”

यानंतर ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. रडले ते तिचे वडील. एवढा मोठा माणूस खुंट्याला धरून हमसून हमसून रडायला लागला आणि मला कुठं बघावं कळेना. मुलगी थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं त्यांच्या शर्टाची बाही धरली.

“कुठं पुरलीया?”

रानाच्या कडेला, ओढ्याच्या वर, नवी माती टाकलेला उंचवटा होता. गावातली बरीच जनावरं तिथं एकत्र पुरली होती. त्यावर आता गवत उगवायला लागलं होतं. ती त्याच्या भोवतीनं चालत गेली आणि परत आली. मग तिनं वडिलांना विचारलं,

“पुरताना दावं काडलं हुतं का?”

“काडलं हुतं. मीच कापलं. माझ्या हातानं.”

तिनं मान हलवली. इतके दिवस तिला हेच विचारायचं होतं की काय, मला माहीत नाही. मी तो प्रश्न कधीच विचारला नसता. प्रशिक्षणात तो कुठं नव्हता आणि साताऱ्याच्या ताईंनाही सुचला नसता. ती म्हणाली, “भूक लागलीया.” आम्ही परत आलो. मावशीनं भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. ती पोटभर जेवली आणि बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली. मावशीची एसटी चुकली. मुलीची पिशवी दाराशी होती ती कुणीतरी आत नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून सगळं ठीक झालं असं नाही. मावशी काही दिवस राहिली, मुलीच्या वेण्या घालून दिल्या, मग एकटीच कोरेगावला परत गेली. मधे महिनाभर काही झालं नाही आणि मग एका सकाळी हिनं पुन्हा आबांची शेळी सोडली. आबांनी गल्ली दणाणून सोडली. “परत चालू झालं व्हय गं तुझं!” पण या वेळी ती निघून गेली नाही. शेळीच्या मागं धावली, तिला कानाला धरून ओढत आणली आणि बांधली. मग आबांना म्हणाली, “तुमची गाठ लय वाईट हाय. मी शिकवू?” आबांनी कपाळाला हात लावला. पण शिकले. हे मी स्वतः बघितलं.

वर्गात मी मुलांना हळूहळू खरं विचारायला लागले आणि खरं सांगायलाही. पुन्हा पूर येईल का, असं मुलं रोज विचारायची. आधी मी म्हणायची, नाही रे, काही नाही होत. आता म्हणायला लागले, येऊ शकतो. आला तर काय करायचं ते आपण ठरवू. एका दुपारी आम्ही ठरवलंच. कुणाच्या घराला स्लॅब आहे, गावातली उंच जागा कुठली, म्हाताऱ्या माणसांना आधी कुणी न्यायचं. मुलं तावातावानं भांडली, कोंबड्या आधी की भांडी आधी यावर. हिनं फक्त एकच सांगितलं, “पैली जनावरं. सोडायची आन संगं न्यायची. नुसती सोडायची न्हाईत.” आणि मग सरपंच हे ऐकून नाक कसे ओढतील ते करून दाखवलं. वर्ग हसला. ती नक्कल मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा वाढलं. पाटणकडं पाऊस कोसळत होता, कोयनेतून पाणी सोडलं होतं, फोनवर संदेशांवर संदेश येत होते. या वेळी गाव थांबलं नाही. नदी पात्राबाहेर यायच्या आधीच माणसं निघाली. जनावरं पुढं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागं. वरच्या गावातल्या हायस्कुलात आमचा मुक्काम पडला. मी सांगलीतल्या घराला कुलूप लावून तिथंच राहायला आले. दुपारी वर्गावर्गात गोंधळ होता. लहानगी रडत होती, बायका चूल मांडायची जागा शोधत होत्या, मैदानात चिंचेखाली म्हशी, गाई एकमेकींत मिसळून हंबरत होत्या.

ती मुलगी या सगळ्यात एका पोत्यावर डोकं ठेवून झोपली होती. तोंड थोडं उघडं, एका पायातली चप्पल गळून पडलेली. तिचे वडील बाहेरून आले, तिला बघून दाराशीच थांबले. “झोपलीया?” त्यांनी मला नुसत्या ओठांनी विचारलं. मी मान हलवली. ते पुन्हा बाहेर गेले, जनावरांकडं.

मला मात्र बसवत नव्हतं. व्हरांड्याच्या या टोकाकडून त्या टोकाला मी फेऱ्या घालत होते, फोन काढत होते, परत ठेवत होते. एक छोटी मुलगी माझ्या मागं मागं चालायला लागली. मग दुसरी. बघता बघता पोरांची रांग झाली आणि त्यांनी त्याचा खेळच केला, मी वळले की सगळी वळायची. मी थांबले तर ओरडली, “बाई, चला की!” म्हणून मी चालत राहिले.